काळजीचा विषय

सगळा घोळ एका मेसेजने झाला. मेसेज मी पाठवला होता, म्हणजे घोळ माझाच, हे आधीच कबूल करून टाकते.

आम्ही जर्मनीत राहतो, आमची मुलगी तेव्हा ऑस्ट्रेलियात होती. ती पब्लिक हेल्थ शिकते आणि सहा महिने तिथल्या मूळनिवासी बायकांनी चालवलेल्या एका उपक्रमात काम करायला गेली होती. कॅन्सर होऊ नये म्हणून काय करायचं आणि होऊन गेल्यावर पुन्हा अंगात बळ कसं आणायचं, असा तो उपक्रम. दर रविवारी व्हिडिओ कॉल. मी मराठीत विचारणार आणि ती जर्मनमध्ये उत्तर देणार, हे ती बालवाडीत गेल्यापासून चालू आहे. ती सांगायची की तिथे कोणी पत्रकं घेऊन शिकवायला येत नाही. काय शिजवायचं, कुठे चालायचं, कोणाला बोलवायचं, हे तिथल्याच वडीलधाऱ्या बायका ठरवतात. सुरुवातीला तर म्हणे कितीतरी दिवस नुसता चहा पीत बसायच्या.

"चहा प्यायला एवढ्या लांब कशाला गेलीस?" मी म्हटलं. "आमच्या मंडळात दुसरं काय होतं?"

ती हसली नाही. म्हणाली, "ममा, तिथे ज्यांना होऊन गेलाय त्या आधी बोलतात. मग बाकीच्या येतात. तुमच्यात कोण बोलणार?"

मी म्हटलं, तुझं जेवण झालं का. कारण आमच्यात ती बाई मीच होते, आणि हे तिला पक्कं माहीत होतं.

तीन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन, केमो, रेडिएशन, सगळं झालं. घरात नवरा आणि मुलगी, एवढ्या दोघांनाच माहीत. लुडविग्सहाफेनमधल्या आमच्या मराठी बायकांना मी सांगितलं, थायरॉईड. थायरॉईड फार सोयीचं असतं. वजन उतरलं, थायरॉईड. दमते, थायरॉईड. केस गळले तेव्हा टोपी घातली आणि आखूड, कुरळे असे नवे आले तेव्हा म्हटलं की स्टाईल बदलली. सगळ्यांनी कौतुक केलं. माझी इथली सगळ्यांत जवळची मैत्रीण, अठरा वर्षांची ओळख, तिने तर माझ्या थायरॉईडसाठी डबाभर मेथीचे लाडू करून आणले होते. मी ते खाल्ले आणि वर गूळ कमी पडलाय म्हणून सांगितलं.

तर मुलीचं ते वाक्य डोक्यातून जाईना. बोलायचं तर नव्हतंच मला. पण चालायला काय हरकत आहे, असं वाटलं. दर शनिवारी सगळ्याजणींनी पार्किन्झेल नावाच्या बागेत, ऱ्हाईनच्या काठाने चालायचं आणि चालता चालता तपासण्यांचं सांगायचं. पन्नाशीनंतर मॅमोग्राफीसाठी घरी पत्र येतं ना, ते बहुतेकजणी फ्रिजवर चिकटवतात आणि विसरतात. इथे अशा आधीच करायच्या तपासणीला फोरझोर्गं म्हणतात आणि आजारानंतरच्या तपासण्यांना नाखझोर्गं. झोर्गं म्हणजे काळजी. आधीची काळजी, नंतरची काळजी. मी मेसेज लिहायला बसले. प्रतिबंध लिहिलं तर सरकारी दवाखान्याची भिंत डोळ्यांसमोर आली. खोडलं. शेवटी लिहिलं: 'शनिवारी सकाळी दहाला पार्किन्झेलवर जमू या. काळजीचा विषय आहे. सगळ्यांनी नक्की या.'

"अहो, बघा बरं, ठीक आहे ना?" मी नवऱ्याला विचारलं. त्यांनी पेपरातून मान न काढता "या, गेनाऊ", म्हणजे हो, बरोबर, म्हटलं. त्यांचा काय उपयोग.

पंचवीस वर्षं इथे राहिलं की मराठी कुठे घसरते ते आपल्याला कळत नाही. दुसऱ्यांना मात्र लगेच कळतं. अर्ध्या तासात तीन फोन. कोणाचं काय झालं? तुमच्या ह्यांना बरं आहे ना? मुलगी ठीक आहे ना तिकडे? मी प्रत्येकीला सांगत होते, अगं, कोणाला काही नाही, ती काळजी नाही, ही काळजी घ्यायची काळजी. जितकं समजवावं तितक्या त्या गप्प होत गेल्या. फोन ठेवल्यावर मलाच कळेना की मी खोटं बोलले की खरं. कोणाला काही नाही, हे तरी कुठे खरं होतं?

शनिवारी नऊजणी आल्या. एकीच्या हातात मोठा डबा. विचारलं तर म्हणाली, पिठलं-भात. ज्या घरात चूल पेटलेली नाही तिथे आपण पिठलं-भात नेतो. बिचारीने तयारीनेच पहाटे उठून केला होता. कोणी गेलेलं नाही हे कळल्यावर तिला आधी हायसं वाटलं आणि मग माझा राग आला.

मी हसून वेळ मारून नेली. चाला, मोकळी हवा घ्या, पत्रं फेकू नका, असं काहीबाही बोलले. दोनजणी म्हणाल्या, गुगलवर वाचतोच की. मग ती टोळी मालवाहू बोटी बघत, शाळेच्या ॲडमिशनच्या गप्पा मारत पुढे गेली. मैत्रीण मात्र मागे रेंगाळली. तिने माझी बाही धरली.

"तुला कोणी सांगितलं?"

"काय?"

"माझं."

मला वाटलं, नोकरीचं म्हणते आहे. तिच्या कंपनीत माणसं कमी करणार अशी कुजबुज होती. म्हटलं, "अगं, मिळेल दुसरी."

"नाटकं करू नकोस," ती म्हणाली. "मेसेज माझ्यासाठी होता, हे मला तेव्हाच कळलं. मी नवऱ्यालाही बोललेले नाही. तुला कसं कळलं?"

मला खरंच काही कळत नव्हतं.  तिने माझा हात घेतला आणि जॅकेटच्या आत, काखेच्या जरा पुढे, ब्लाउजवरून ठेवला. बोटांना कळायला वेळ लागला नाही. माझ्या बोटांना ते माहीत होतं.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. आधी वाटलं, चकल्यांचा सोऱ्या दाबून दाबून दुखतंय."

मार्च संपत आला होता. माझं डोकंच फिरलं. "पाच महिने? अक्कल कुठे गहाण ठेवली होतीस? इथे रस्त्यारस्त्यावर डॉक्टर आहेत, इन्शुरन्स आहे, आणि तू सोऱ्याला दोष देत बसलीस?"

"तुझं काय जातं बोलायला," ती म्हणाली. "तुला थायरॉईड झालं होतं. हे झालं असतं तर कळलं असतं, काय वाटतं ते."

मी पुढे गेलेल्या टोळीकडे एकदा पाहिलं. मग म्हटलं, "थायरॉईड नव्हतं."

तिला कळलं. मी पुढे काही सांगायच्या आतच कळलं, कारण तिची नजर माझ्या केसांवर गेली.

"हे केस?"

"गेले होते. नवे आले ते असे आले."

"मला आवडले म्हणून मी पण असे कापून घेतले," ती म्हणाली.

खरंच घेतले होते. गणपतीच्या आधी. मी तिला छान दिसतात म्हटलं होतं.

मला वाटलं होतं ती रडेल, मिठी मारेल, निदान चिडून ओरडेल. तिने आवाजही चढवला नाही. म्हणाली, "तू बोलली असतीस तर मी दिवाळीतच गेले असते ना गं."

 का लपवलं, हे मी स्वतःला हजारदा विचारलं आहे. दर वेळी वेगळं उत्तर येतं. उद्या मुलीचं लग्न ठरवताना हा आजार घरात आहे का असं कोणी विचारेल, म्हणून. चारचौघींत बिच्चारी व्हायचं नव्हतं, म्हणून. नाव घेतलं की परत येईल, अशी खुळी भीती. यातलं खरं कुठलं, का सगळीच खरी, ते कळत नाही. मैत्रिणीचं मुलीला सांगितलं तेव्हा तिने कधी नव्हे ते मराठीत विचारलं, "मग आता?" 

मैत्रिणीचे उपचार आता चालू आहेत. ज्या शनिवारी अंगात त्राण असतं त्या शनिवारी येते आणि आम्हा सगळ्यांच्या पुढे चालते, चालण्यापेक्षा रागावते जास्त. आता आमच्यातली प्रत्येकजण आपापलं बोलते, मीही. दोघींनी फ्रिजवरची पत्रं काढून तपासण्या करून घेतल्या. त्या पाच महिन्यांनी काय फरक पडला, हे मी कोणाला विचारलेलं नाही. तिनेही विचारलेलं नसावं. माझ्या मनातून मात्र त्या पहिल्या शनिवारनंतरचा सोमवार जात नाही.

त्या सोमवारी टेर्मिन, म्हणजे अपॉइंटमेंट, न घेताच मी तिला माझ्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. काउंटरवरच्या मुलीशी भांडले, दोन तास बसू म्हटलं, बसलो. आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी तपासलं, हात धुतले, कॉम्प्युटरसमोर बसल्या आणि विचारलं, हे कधीपासून आहे?

मैत्रिणीने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. म्हणाली, "दोन आठवडे."

हे ती कोणासाठी बोलली ते मला समजेना. स्वतःची लाज झाकायला, का माझी? डॉक्टरीणबाईंची बोटं कीबोर्डवर चालू झाली. तीन वर्षं माझं थायरॉईडही सगळ्यांनी असंच, पुढे काही न विचारता, लिहून घेतलं होतं.

"पाच महिने," मी म्हटलं. "आणि तिला उशीर झाला त्यात माझा हात आहे. मी तुमची पेशंट होते, हे मी हिला सांगितलं नव्हतं."

डॉक्टरीणबाईंनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं, दोन आठवडे खोडलं आणि पाच महिने लिहिलं. मैत्रीण माझ्याकडे न बघता पर्सचा बंद ओढत राहिली.

"आता बोललीस," ती मराठीत म्हणाली.