इंजिन त्याचं, डबा माझा

दयाराम गेल्याची बातमी मला तिसऱ्याच्या तोंडून कळली. मोहाडीच्या आठवडी बाजारात मी वांगी निवडत होतो आणि आमच्या रविवारच्या मंडळातल्या शशिकलाताईंचा फोन आला. "गुरुजी, तुमाले तं कळलंच असन..." असं म्हणून त्या थांबल्या. मला काहीच कळलं नव्हतं. पहाटे त्याच्या छातीत दुखलं, भंडाऱ्याला नेईपर्यंत सारं आटोपलं होतं. त्याच्या मुलीनं ताईंना फोन केला आणि मला सांगायचं काम ताईंवर सोपवलं. शाळेत आम्ही एका बाकावर बसलेलो, तेव्हापासूनची मैत्री. आणि हातात वांग्यांची पिशवी धरून माझ्या मनात पहिला विचार कोणता आला असेल, तर ताईंना माझ्या आधी कसं कळवलं? रडू त्यानंतर आलं, घरी आल्यावर, पिशवी ओट्यावर ठेवताना. हे लिहायला लाज वाटते. पण दयारामबद्दल लिहायचं आणि माझा हेवा तेवढा वगळायचा म्हटलं, तर लिहिण्यासारखं फार थोडं उरतं.

तो ढीवराच्या घरचा. वडील गावच्या तलावात मासे धरायचे, आणि जाळं विणण्यात लहानपणीच त्याचा हात असा बसला होता की आम्ही पाटीवर अक्षरं गिरवत असताना हा बाकाखाली गाठी मारत बसायचा. आमचं घर धान पिकवणारं, पण मला धानाच्या बांधीत राबण्यात कधी गोडी वाटली नाही. लाकूड मात्र आवडायचं. पुढं मी शाळेत सुतारकाम शिकवायला लागलो आणि तो एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर झाला. मुलं मला गुरुजी म्हणत म्हणून तोही गुरुजीच म्हणू लागला, आधी चिडवायला, मग सवयीनं. त्या वयापासून माझं एक दुखणं होतं. तो कुठंही गेला की लोक त्याच्याभोवती जमायचे. मी तेच सांगितलं तर ऐकून घ्यायचे, त्यानं सांगितलं तर हसायचे, मान डोलवायचे, चहा मागवायचे. माझ्या स्वतःच्या लग्नात माझे मामा जेवायला त्याच्या पंगतीत बसले होते, माझ्या नाही.

एक गोष्ट इथं नीट लिहून ठेवतो, कारण आजवर छापून आलेल्या कुठल्याच मजकुरात ती आलेली नाही. आमच्या मंडळाची ती जुनी रेल्वेगाडी मी शोधली. नाकाडोंगरीच्या पुढं, जंगलाच्या कडेला एका विद्यार्थ्याच्या लग्नाला गेलो होतो. जेवण झाल्यावर पाय मोकळे करायला मांडवामागं निघालो, तर झुडपात एक लाकडी डबा उभा. अरुंद रुळांची छोटी लाइन उखडली गेली तेव्हा कोणी तरी तिथंच सोडून दिलेला. खिडक्यांच्या झडपा लोंबत होत्या, एका बाजूनं वाळवी चढली होती, पण खांबाला नख लावून पाहिलं तर आत अस्सल सागवान, नवं असल्यासारखं. माझा जीव त्या डब्यावर तिथंच बसला. डब्याच्या पुढं, आणखी दाट झुडपात, एक छोटं इंजिनही होतं. पुढच्या रविवारी मी दयारामला घेऊन गेलो... कोणी सांगितलं होतं न्यायला! तो डब्याजवळून असा गेला जसा कोणी रिकाम्या बैलगाडीजवळून जातो. थेट इंजिनापाशी. चाकाच्या दांड्यावर तळवा टेकवून बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, हे मेलं नाई. झोपून राहिलं." त्या घटकेपासून गाडी त्याची झाली.

जागेच्या मालकांनी परवानगी दिली, पाच-सहा जण जमले, आणि दर रविवारी आम्ही तिथं जाऊ लागलो. दोनशे पावलं भरतील एवढे रूळ शिल्लक होते. इंजिनाचा बॉयलर एका जाणकारानं ठोकून पाहिला आणि भट्टी या जन्मी पेटवू नका म्हणून सांगितलं. वाफ नाही तर इंजिन चालणार कसं, असं म्हणून आम्ही सगळे हात झाडून बसलो होतो. दयाराम दोन रविवार इंजिनाच्या नळ्या ठोकून पाहत राहिला. तिसऱ्या रविवारी ट्रॅक्टरवाल्याला सोबत घेऊन आला, ट्रॅक्टरमागं विहिरीतला खडक फोडायचा हवेचा कॉम्प्रेसर ओढत. "वाफ काय अन् हवा काय," म्हणाला, "याले ढकलणारं कोणी पायजे." अशी युक्ती मला कधी सुचली नसती, हे कबूल करतो. पण माझंही काम काही कमी नव्हतं. चौदा खिडक्या. एकेका झडपेला अकरा पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टी मी हातानं रंधून, तेल पाजून बसवली. बाकांच्या कडा इतक्या गुळगुळीत केल्या की बायकांच्या साडीचा धागा अडकू नये. आणि वर्तमानपत्राचा माणूस आला तेव्हा त्यानं काय केलं? इंजिनाचे आठ फोटो काढले. छापून आला त्यात दयाराम दांड्यावर हात ठेवून उभा आहे आणि उजव्या कडेला एक कोपर दिसतं. ते माझं. ते कात्रण मी जपून ठेवलंय, का ते मला विचारू नका.

आता दसऱ्याची गोष्ट. इंजिन पहिल्यांदा डबा ओढणार होतं. आमच्याकडं दसऱ्याला गाड्या धुऊन हार घालतात, म्हणून तोच दिवस ठरला. आजूबाजूच्या गावांतून लोक आले होते. दयारामच्या बायकोनं, इंदूवहिनींनी, घरच्या झेंडूंचा लांबलचक हार केला होता, तोही जाळ्याच्या धाग्यात ओवून, कारण साधा दोरा वजनानं तुटतो. हार इंजिनाला घातला, नारळ इंजिनापुढं फुटला, कुंकू इंजिनाला लागलं. डब्यासाठी कोणी एक फूलही आणलं नव्हतं. कोणाच्या लक्षातच आलं नाही. मी डब्याच्या टोकाशी उभा होतो, जिथं उभ्या दांड्यावर ब्रेकचं लोखंडी चाक आहे. गाडी उभी असताना तो ब्रेक आवळून ठेवायचा आणि निघण्याआधी सोडायचा, हे काम पहिल्यापासून माझं. ताईंनी खालून हात केला. दयारामनं इंजिनातून मान बाहेर काढून पाहिलं. मी मान हलवली, आणि ब्रेक सोडला नाही.

त्यानं हवा सोडायचा दांडा, रेग्युलेटर, ओढला. इंजिन फुसफुसलं, थरथरलं, जागचं हललं नाही. पुन्हा ओढला. गर्दीतून कोणी तरी ओरडलं, "म्हतारं हाय, धक्का मारा रे!" आणि हशा पिकला. दयारामचं तोंड लाल झालेलं मी खिडकीतून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा लोक त्याला हसत होते, आणि खरं सांगतो, मला आतून गार वाटलं. मग तो खाली उतरला. इंजिनाच्या कडेनं, एकेक चाक पाहत, मागं मागं आला. माझ्या डब्याच्या चाकांपाशी वाकला. ब्रेकचे गुटके चाकाला घट्ट धरून होते, ते आंधळ्यालाही दिसलं असतं. त्यानं वर माझ्याकडं पाहिलं. पायरी चढून आत आला आणि दोन्ही हातांनी चाक फिरवून ब्रेक सोडला. "विसरलो रे," मी म्हणालो. "हव," तो मान डोलवत म्हणाला. एवढंच. दारात उभा राहून लोकांना मोठ्यानं सांगितलं, "हवा कमी पडली जी, माह्याच पायपातून गळून राहिली होती. आता जाते पाहा!" मग इंजिनाकडं जाऊन तिथला हार मधोमध कापला, अर्धा घेऊन परत वर आला आणि माझ्या ब्रेकच्या चाकाला बांधून गेला. मग गाडी चालली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पोरीबाळी डब्यात बसून किंचाळल्या, आणि मी अर्ध्या हाराकडं बघत उभा होतो. माझ्या डब्याला हार मिळाला तोही त्याच्या हातून, याचाच मला जास्त राग आला.

त्यानंतर एक रीतच पडली. गाडी हलवायच्या आधी दयाराम इंजिनातून ओरडायचा, "गुरुजी, बरेक सुटला का?" मी "सुटला" म्हणेपर्यंत तो रेग्युलेटरला हात लावायचा नाही. पाहुणे असोत, कोणी मोठा माणूस आलेला असो, कॉम्प्रेसरचं डिझेल जळत असो. मला वाटायचं, हा मला टोमणा मारतोय. चारचौघांत दर रविवारी आठवण करून देतोय. एकदा मी चिडलो. "काहून विचारतं रोज रोज? एकदाच विसरलो नं मी?" तो हात पुसत म्हणाला, "गार्डानं सांगतल्याबिगर डायवर गाडी हालवत नाई. कायले तापतं?" बाकीचे मला तेव्हापासून गार्डसाहेब म्हणू लागले. मी मान ताठ ठेवून ते ऐकायचो आणि मनात म्हणायचो, हेही यानंच दिलेलं. हारातली फुलं आठ दिवसांत सुकून पडली. धागा राहिला. जाळ्याची गाठ, ती ओढली की आणखी घट्ट बसते. कापून टाकावी असं कितीदा मनात आलं, पटाशी तर खिशातच असायची.

तेरवीला मी त्याच्या घरी गेलो. जेवणं उरकल्यावर वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. "वहिनी, तो कधी त्या दसऱ्याचं काही बोलला होता? गाडी अडली होती तेव्हाचं?" त्या आठवत राहिल्या. "हवा कमी पडली होती तवाचं? तेच सांगत, पायप गळत होता म्हून." म्हणजे घरीही त्यानं तेच सांगितलं होतं. मग त्याच पुढं बोलल्या, "भाऊजी, रविवारी सांजेला घरी आले का तुमच्या डब्याचीच गोष्ट. म्हणत, माह्या इंजिनावर लोक चढतेत, फोटो काढतेत अन् उतरतेत. गुरुजीच्या डब्यात बसले का उठाचं नावच घेत नाईत. मले हेवा वाटते गुरुजीचा, असं म्हणत अन् हासत..." पदर डोळ्याला लावून त्या आत गेल्या. मी अंगणात बसून राहिलो. त्यालाही माझा हेवा वाटायचा. आणि तो सरळ बायकोसमोर बसून, हसत, जेवताना सांगून मोकळा व्हायचा. मला पुन्हा त्याचा हेवा वाटला, तेरवीच्या दिवशी, त्याच्याच अंगणात.

मागच्या रविवारी आम्ही पुन्हा जमलो. बंद ठेवायचं नाही असं ताईंचं म्हणणं पडलं, आणि रेग्युलेटर हाताळायचं त्या दयारामकडूनच शिकल्या होत्या. गावातली पंधरा-वीस माणसं डब्यात येऊन बसली. मी त्यांच्याकडं बघत होतो. खरंच, बसली की उठत नव्हती. एक म्हातारी बाकाच्या कडेवरून बोट फिरवत होती, आणि मी ते दयारामला दाखवायला म्हणून इंजिनाच्या दिशेनं वळलोसुद्धा. कॉम्प्रेसर धडधडू लागला. मी माझ्या जागेवर उभा राहिलो. ताईंनी रेग्युलेटर ओढला. इंजिन फुसफुसलं, थरथरलं, अडलं. त्यांनी पुन्हा ओढला. काही नाही. डब्यातली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. ताई खाली उतरल्या, चाकं पाहत मागं आल्या आणि वाकल्या.

"गुरुजी," त्या खालून म्हणाल्या, "बरेक तं आवळलेलाच हाय."

मी चाकाला हात घातला. तळव्याखाली ती गाठ लागली. इतके रविवार मी तो ब्रेक सोडत आलो होतो ते इंजिनातून कोणी 'सुटला का' विचारायचं म्हणून, हे मला तोवर माहीत नव्हतं. चाक फिरवून ब्रेक सोडला आणि ताईंना म्हणालो, "विसरलो."

या वेळी ते खरं होतं.