हात लावू का?

विचारल्याशिवाय कशालाही हात न लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका मल्लखांब शिकवायचा. ज्या विद्येत पोराला कमरेला धरून खांबावर चढवावं लागतं, गुडघा वळवून द्यावा लागतो, त्या विद्येत हे गृहस्थ पाच वर्षांच्या मुलासमोर हात मागे बांधून उभे राहत आणि विचारत, "हात लावू का?" सदाशिव पेठेतल्या आपल्या व्यायामशाळेत मुलं त्यांना नुसतं 'सर' म्हणत. पालक पाठीमागे 'परवानगीवाले' म्हणत. हे नाव त्या वेळच्या चिटणिसानं, म्हणजे मी, ठेवलं होतं.

सवय इतकी मुरलेली, की जिन्यात पसरलेल्या कुत्र्यालाही ते विचारून ओलांडत. एकदा मी पायरीवरून घसरलो, तर शेजारी वाकून म्हणतात, "चिटणीस, उठवू का?" मी वैतागून म्हणालो, "नको, आता इथेच मुक्काम करणार आहे!" "बरं," म्हणाले, आणि शेजारी बसले. शेवटी माझा मीच उठलो. एक लहानगा खांबाच्या मध्यावर पायांची अढी मारून अडकला आणि हात लावायला गेलं की "नको, नको" करू लागला, तेव्हा सर खाली हात पसरून स्वस्थ उभे. वडील ओरडले, "अहो सर, धरा ना त्याला!" सर म्हणाले, "खाली गादी आहे, मी आहे. पडायला लागला तर न विचारता झेलीन. हो म्हणायला वेळ घेतोय, घेऊ द्या. आपल्याला कुठे जायचंय का?" मग वरूनच आवाज आला, "आता लावा." मी एकदा या प्रकाराची थट्टा केली, तर म्हणाले, "खांबाला नमस्कार करून मगच चढतो ना आपण? लाकडाला विचारतो, मग पोराला विचारायला काय धाड भरते?"

एखाद्या मुलाला न्यायला उशीर झाला, तर दारात स्वतःची स्कूटर असूनही सर त्याला एकट्याला तिच्यावर बसवून घरी सोडत नसत. समोरच्या अमृततुल्यच्या बाकावर, चहावाल्याच्या नजरेसमोर, त्याला घेऊन बसत. एक आई म्हणाली, "सर, सोडायचं होतंत की. आमचा तुमच्यावर विश्वास आहे." सर म्हणाले, "म्हणूनच नाही सोडलं. उद्या दुसरा कोणी सोडेल, आणि तुम्ही त्याच्यावरही ठेवाल."

तो दुसरा आलाच. तरुण, हसरा, पदकं आणून देणारा प्रशिक्षक. साहित्याच्या खोलीत दार लावून तो एकेका मुलीचा 'खास सराव' घेई. एका सकाळी सरांनी त्या दाराची कडी काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि माझ्या टेबलावर ठेवली. "आत मूल असताना हे दार लागता कामा नये." पुढे त्याच्याकडची एक मुलगी यायची बंद झाली. सर म्हणाले, "तिच्या घरी जाऊ. तिच्या आईसमोर विचारू." मी म्हणालो, "परीक्षा असेल." ती का येत नाही, हे त्यांनी समितीपुढे पुन्हा विचारलं. तेव्हा मी दाराला नवी कडी बसवली आणि सरांना विश्रांती घ्यायला सांगितलं. गुडघे दुखतात म्हणून ते गेले, असं फळ्यावर लिहिलं. त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा धडधाकट होते.

मग कट्ट्यावर कुजबुज सुरू झाली. "एवढं विचारून हात लावायचे, त्यावरूनच ओळखावं!" मी ते ऐकलं आणि चहा पीत राहिलो. कालांतरानं त्या प्रशिक्षकाविरुद्ध तक्रारी आल्या. ती मुलगी परीक्षेसाठी यायची थांबली नव्हती. समितीनं त्याला गुपचूप घालवलं, आणि सरांच्या नावावरचा डाग तसाच ठेवला. त्या मुलीच्या घरी जाऊन मी जे बोललो, ते तिचं आणि माझं. पण सरांचं सगळ्यांचं आहे, म्हणून आपल्या स्मरणिकेत स्पष्ट लिहितो: सर गुडघ्यांसाठी गेले नाहीत, कुठल्याही आरोपामुळे गेले नाहीत. त्यांनी योग्य प्रश्न विचारला, म्हणून मी त्यांना घालवलं. आताची समिती म्हणते, "आजोबा, जुनं कशाला उकरता?" उकरणार. हे छापलं नाहीत, तर वार्षिक सभेत उभा राहून वाचीन. माझा आवाज अजून शाबूत आहे.

गेल्या आठवड्यात कात्रजला सरांच्या घरी जाऊन हा मजकूर त्यांना वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला. मग एवढंच विचारलं, "कडी काढलीत?"

"दारच काढायला लावलं."

"हं. उशिरा काढलंत."

निघताना मी पायाशी वाकलो, आणि अर्ध्यावर थांबून विचारलं, "हात लावू का?" सरांनी बराच वेळ विचार केला.

"नको," ते म्हणाले.

मी हात मागे घेतला. पण या वयात वाकणं सोपं, सरळ होणं अवघड. मी तसाच खुर्चीची कड धरून राहिलो. वरून जुनाच आवाज आला, "चिटणीस, उठवू का?"

या वेळी मी हो म्हणालो. इतक्या वर्षांच्या ओळखीत त्यांनी मला पहिल्यांदाच हात लावला.