झाकणं

सोलापूरच्या एका मिलमध्ये मी रिळावर सूत गुंडाळायच्या खात्यात होते. शेजारच्या यंत्रावर एक तेलुगू बाई होती. वयानं मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणायचे. दातेरी चाकांत कापसाचा भुगा अडकला की तो आम्हीच काढायचा, आणि तोही यंत्र चालू ठेवून. थांबवलं तर जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, अंगावर धावून यायचा. चाकांवर झाकण म्हणून नव्हतं.

एका सकाळी भुगा काढताना अक्काच्या उजव्या हाताची तीन बोटं चाकांत गेली. त्या खडखडाटातही तिची किंकाळी मला ऐकू आली. मी धावत जाऊन यंत्र बंद केलं. जॉबर आला, त्यानं आधी यंत्राकडं बघितलं.

"लक्ष कुटं असतं तुमचं? सगळं सूत खराब केलं की!"

अक्काला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. मला चाकं पुसायला सांगितली. मी मुकाट्यानं पुसली. त्याबद्दल माझाच मला अजून संताप येतो.

पुढं सरकारी साहेब तपासणीला येणार म्हणून आदल्या दिवशी सगळ्या यंत्रांना पत्र्याची झाकणं बसली. साहेबानं विचारलं, "ही नेहमी असतात?"

"व्हय साहेब, कायमची हायत," जॉबर म्हणाला. "ती बाईच बेफिकीर."

मला राहवलं नाही. "न्हाय साहेब! काल बसवली. रंग अजून वला हाय, हात लावून बघा!"

साहेबानं बोट लावलं. बोट काळं झालं. त्यानं ते रुमालाला पुसलं आणि तो पुढच्या यंत्राकडं गेला.

दुसऱ्या दिवशी मला फाटकातूनच हाकललं. मी तशीच अक्काच्या घरी गेले. ऐकून ती माझ्यावरच उखडली, "तुला कुणी सांगितलं बोलायला? आता दोघी बसू घरात!"

थोड्या वेळानं तिनं हळूच विचारलं, "खरंच काळं झालं बोट?" आणि मला सगळं पुन्हा सांगायला लावलं.

आम्ही दोघी विड्या वळायला लागलो. डाव्या हातानं वळायला शिकताना अक्का पानं फाडायची आणि त्या जॉबरला तेलुगूत शिव्या घालायची. मीही त्या शिकले.

महिन्याभरातच मिलमधल्या एका बाईनं सांगितलं, झाकणं काढून मागच्या आवारात टाकलीत. भुगा काढायला अडचण होते म्हणे.