स्कॅन सेंटरमधली कबुली

माझ्या पोटदुखीचा आळ चार महिने आईच्या चिंचेवर होता. मी तो राहू दिला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझी बाजू घ्यायची पाळी तुमच्यावर येणार नाही.

बंगळुरूला नोकरीत असताना सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर केटामाइनची पूड नाकात ओढायची, ही आमची करमणूक. आहे ते भूल द्यायचं औषध. आम्हाला भूल आधीच पडलेली. मग बरगड्यांखाली असा पीळ पडू लागला की मी ऑफिसच्या संडासात गुडघे छातीशी धरून बसायचो. त्यावर माझा हुशार इलाज असा, की दुखलं की तीच पूड थोडी आणखी. दुखणं थांबायचं आणि दुप्पट होऊन परत यायचं.

शेवटी घरून काम करतो म्हणून तंजावरला आईबाबांकडे आलो. पूड बॅगेत होतीच. आईनं माझा चेहरा बघून निदान केलं, "माझेंच चुकलें. जन्मभर आंबट-तिखट घातलें पोटांत." तिनं चिंच आणि मिरची दोन्ही बंद केली, साऱ्या घरासाठी. बाबा फिकट वरणभात गिळताना माझ्याकडे असे बघायचे, जणू सुतक मीच आणलंय. आई शेजारणींना सांगायची, "माझ्या हातानें लेकाचें पोट जाळलें." मी आतल्या खोलीत ते ऐकायचो आणि ताक प्यायचो.

डॉक्टरांनी तमिळमध्ये विचारलं, दारू? "नाही, सर." खरंच होतं ते. त्यांनी बाकी काही विचारलं नाही आणि मी आपणहून वाढलं नाही. यकृताचे आकडे बिघडलेले, पित्तनलिका फुगलेली, पण खडा कुठेच सापडेना. म्हणून पुन्हा स्कॅन.

स्कॅन सेंटरच्या बाकावर शेजारी माझा धाकटा मावसभाऊ. इथल्या आम्हा मराठी माणसांची एक खोड आहे. चारचौघांत गुपित बोलायचं झालं की मराठी. कापडदुकानात दुकानदाराच्या तोंडावर त्याच्या मालाला नावं ठेवतो, तीही मराठीत. कुणाला कळत नाही, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा भरवसा. त्याच भरवशावर मी खुशाल म्हणालो, "खडा कुठून मिळेल रे? केटामाइन आहे तें. डॉक्टरला कळलें तर आईला कळेल. तिला चिंचच वाटूं दे."

"अय्यो, अण्णा! मावशी शनिवारचा उपास करते तुझ्यासाठी!"

समोर नावं पुकारणाऱ्या नर्सबाई मघापासून सगळ्यांवर अस्सल तमिळमध्ये खेकसत होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्या आजीच्याही वरताण जुन्या मराठीत म्हणाल्या, "आईस उपास घडवतोस, लाज नाहीं? डॉक्टरास तूं सांगतोस, कीं मी सांगूं?"

बाकावरच्या इतरांना शब्द कळले नसतील. माझा चेहरा मात्र सगळ्यांना कळला.

"मीच सांगतों, अक्का."

डॉक्टर रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. लघवीला जळजळ होते का, म्हणाले. होत होती; तेही मी लपवलं होतं. "पूर्ण सोडलंस तर नलिका बहुधा सुधारेल. नाही सोडलंस तर माझ्या औषधांचा उपयोग नाही. आणि घरी सांग. हे एकट्यानं सुटत नाही."

आई मागच्या दारी शेवग्याचा पाला निवडत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मी गाळीन ते जोडायला भाऊ दारात उभा होताच.

"म्हणजे माझ्या जेवणानें नव्हे?" तिनं पहिलं विचारलं ते हे.

"नव्हे, आई."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं, सुटलो.

"आणि तुला हें ठाऊक होतें? इतके दिवस?"

एरवी कुठल्याही प्रश्नाला माझ्याजवळ एक विनोद तयार असतो. त्या दुपारी नुसतं "हो" म्हणायलासुद्धा मला तिच्याऐवजी त्या पाल्याकडे बघावं लागलं.