बेडूक किती वचनांना?

सांगलीच्या बाजारात माझ्या लेकीने खेळण्यांच्या दुकानापुढे उभं राहून हात जोडले, डोळे मिटले आणि बायबलातलं एक वचन घडाघडा म्हणून दाखवलं. मग डोळे उघडून तिने दुकानदारापुढे हात पसरला. तिला तिथला टकटक वाजणारा पत्र्याचा बेडूक हवा होता.

दुकानदार गोंधळला. "आक्का, पोरगी काय म्हणतीया?" त्याने मला विचारलं.

मी तिचा हात खाली ओढायला वाकले. तेवढ्यात लेकच म्हणाली, "हे छोटं झालं का? मला मोठं पण येतं. बेडूक किती वचनांना आहे?"

शेजारी भांडी मांडून बसलेला माणूस हसत सुटला. "आयला! तुमच्यात देवाचं नाव घेतलं की बेडूक मिळतो व्हय? मग मी बी येतो की गड्या रविवारी!"

दुकानदार मात्र तिला समजावून म्हणाला, "पोरी, देवाचं घरी म्हणायचं. हितं पैसं लागत्यात."

बघे जमले होते, ते सगळे हसले. मी तिचा दंड धरून तिला ओढत नेलं. ती रडत होती आणि पुन्हापुन्हा म्हणत होती, "मी बरोबर म्हटलं होतं, आई. एक पण शब्द चुकला नव्हता."

खरंच चुकला नव्हता. म्हणून मला तिचा राग आला नाही. तिला जे शिकवलं होतं तेच तिने केलं होतं. शिकवणाऱ्यांचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. आमचे हे पलटणीतून अजून परतले नव्हते. मी लेकीला घेऊन साताऱ्याला मिशनच्या आवारात राहत होते, आणि सांगलीला माहेरी अधूनमधून जाणं होई. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझ्या घशाला कोरड पडते. तरी आमच्या ख्रिस्ती देवळात दर रविवारी भरणाऱ्या शब्बाथ शाळेतला लहान मुलांचा वर्ग माझ्याकडे होता, कारण लहान मुलांपुढे मला लाज वाटत नसे.

त्या वर्षी सगळ्या मुलांना काहीतरी हवंच होतं. गावोगावचे शिपाई घरी येत होते. कोणी मनगटावर घड्याळ बांधून येई, कोणी बॅटरी आणी, कोणी चकचकीत डबे. घरात साखर रेशनची आणि पोरांच्या तोंडी सारखं "त्याच्याकडे आहे, मला पण पाहिजे." या हावेला आवर घालायला मुलांना देवळात पाठवावं, तर देवळातच कपाट आलं.

शब्बाथ शाळेच्या मुख्य म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या पत्नी, पाळकीणबाई. परदेशातून खेळण्यांची पेटी आली, ती त्यांनी काचेच्या कपाटात मांडली. वचन पाठ म्हटलं की पिवळी चिठ्ठी. पिवळ्या साठल्या की लाल चिठ्ठी. नाताळात ज्याच्याकडे सर्वांत जास्त लाल चिठ्ठ्या, त्याला डोळे मिटणारी बाहुली. कपाट उघडलं त्या रविवारी धडा होता मोठमोठी कोठारं बांधायला निघालेल्या आणि त्याच रात्री मरण आलेल्या मूर्ख श्रीमंताचा. मी तो सांगत होते आणि माझा सगळा वर्ग मान वळवून बाहुलीकडे बघत होता. धड्यातला तो मूर्ख माणूस परवडला, त्याच्या कोठारात निदान धान्य तरी होतं.

सांगलीहून परत आल्यावर मी पाळकीणबाईंकडे गेले. एकच वाक्य घरून घोकून गेले होते. "चिठ्ठ्या बंद करता येतील का?"

"का हो? तुमचीच मुलगी तर पुढे आहे."

मी बाजारातली हकिकत सांगितली. त्या खळखळून हसल्या. "किती गोड! नाताळच्या कार्यक्रमात सांगते मी ही गोष्ट."

"गोड नाही ते," मी कशीबशी म्हणाले.

"अहो, मुलांना काहीतरी आमिष लागतंच. नुसत्या देवासाठी कोण येतंय?"

नुसत्या देवासाठी! पाळकाच्या घरात बसून, चहाचा कप माझ्यापुढे सरकवत त्या हे बोलल्या. मला उत्तर सुचलं ते संध्याकाळी भाकरी थापताना, आणि मी ते पिठालाच ऐकवलं. नुसता देव पुरत नसेल तर देऊळ कशाला ठेवता? तिथेच दुकान टाका. दुकानदार निदान सांगून पैसे घेतो.

नाताळात बाहुली माझ्या लेकीलाच मिळाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बेडकाची गोष्टही सांगून झाली, लोक पोट धरून हसले, आणि मी खाली मान घालून बसले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या आयाची मुलगी आमच्याकडे खेळायला आली. ती बोलताना अडखळायची, म्हणून तिला कधी एकही चिठ्ठी मिळाली नव्हती. पण माझी लेक तापाने पडली होती तेव्हा हीच पोर रोज येऊन तिच्या उशाशी बसे, फ्रॉकच्या घोळात चिंचा घेऊन. तिने बाहुलीच्या केसांना बोट लावलं.

"हात लावू नको!" माझी लेक ओरडली. "तू एक तरी वचन पाठ केलंस का?"

त्या पोरीने बोट मागे घेतलं आणि फ्रॉकला पुसलं, जणू तेच घाण होतं.

मी आत गहू निवडत होते, ते सूप घेऊनच बाहेर आले. "शेजाऱ्यावर प्रीती करायचं वचन म्हण बघू," मी लेकीला म्हणाले.

तिने एका दमात म्हटलं, अध्यायासकट. आणि म्हणून झाल्यावर माझ्यापुढे हात पसरला. चिठ्ठीसाठी. आपल्या आईपुढे!

मी सूप खाली ठेवलं. "माझ्याकडे चिठ्ठी नाही. वचन नुसतं म्हणायचं नसतं, पाळायचं असतं."

"पाळायचं?" तिला खरंच कळेना. आमच्या परसात कोंबड्या होत्या, त्यांच्याकडे बघत ती म्हणाली, "कोंबडी पाळतात तसं?"

मला रडू येईल असं वाटलं. "तसंच. रोज दाणे घालायचे. नाही घातले तर मरतं."

तिने बाहुली छातीशी घट्ट धरली, आणि आयाची मुलगी घरी निघून गेली.

पुढच्या रविवारी मी माझ्या वर्गाच्या चिठ्ठ्यांचा डबा पाळकीणबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला. सगळे शिक्षक बसले होते. घसा कोरडा पडला होता, तरी बोलले. "माझ्या वर्गात ह्या नकोत."

"मग मुलांना देणार काय?"

"काही नाही."

कोणीतरी हसलं. पाळकीणबाई म्हणाल्या, "बघा हं, वर्ग ओस पडेल."

पडलाच. बरीच मुलं पलीकडच्या वर्गात गेली आणि माझी लेकही गेली. घरी ती माझ्याशी तुटक बोले. मी उरलेल्या मुलांना एकच वचन देत असे आणि पुढच्या रविवारी विचारत असे, "दाणे घातले का?" मग कोणी सांगे, आजीला पाणी आणून दिलं. कोणी सांगे, भावाला मारलं नाही, फक्त ढकललं. आयाची मुलगी अडखळत सांगे, आणि सगळे तिचं होईपर्यंत थांबत. तिथे घाई कशाची होती?

उन्हाळा लागला तशी कपाटात नवी खेळणी आली. चावीची मोटार, रंगाची पेटी. त्या रविवारी माझा वर्ग सुरू झाल्यावर दारात सावली पडली. माझी लेक होती. कडेवर बाहुली होती. ती तिने आयाच्या मुलीच्या मांडीवर ठेवली आणि तिच्या शेजारी बसली.

"आज मी दाणे घातले," ती हळूच म्हणाली.

काय केलं ते मी विचारलं नाही, दिसतच होतं. सवयीने तिचा हात पुढे यायला लागला. तिने तो मागे घेतला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. वर्ग संपेपर्यंत ती तशीच हातांवर बसून राहिली.