परातीतली कावीळ

तर कावीळ उतरवणाऱ्या बनुबाईनं चुन्याचं पाणी ओतलं, इथवर काल आलो होतो. लढाई संपून वर्ष झालं होतं, आणि गाव शिराळ्याजवळचं. पाटावर बसला होता ज्ञानू. डोळे हळदीत बुडवल्यासारखे, पंधरा दिवस घास गिळवत नव्हता. शेजारी चरफडत उभा त्याचा धाकटा भाऊ आकाराम. हा गडी लढाईभर लष्करी इस्पितळात रोग्यांची सेवा करून आलेला. अशीच पिवळी पडलेली दोन माणसं त्यानं तिथं दगावताना पाहिली होती. म्हणून एकच धोशा, दादाला सांगलीच्या दवाखान्यात न्यायचं. अंगणात गाडीसुद्धा जुंपून ठेवलेली.

बनुबाईची रीत ठरलेली. आधी हातांना आंब्याच्या सालीचं पाणी चोळायचं, मग वर चुन्याचं ओतायचं. परातीत पिवळंधमक पाणी पडलं.

"बघ, उतरली का न्हाई?" ज्ञानू म्हणाला. "आपल्या आळीतली सात माणसं हिनंच उठीवली."

"आन् भाऊसो? त्यो गेला की."

"त्यो उशिरा आला."

हे 'उशिरा आला' ऐकलं की आकारामच्या तळपायाची आग मस्तकात जायची. जगला तो बनुबाईच्या हातगुणानं, आणि मेला तो स्वतःच्या चुकीनं! ह्या हिशोबात बनुबाई कधी हरायचीच नाही.

त्यानं सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. "आवं मावशी, माझ्या हातांना चोळा. मला काय रोग हाय? सकाळी चार भाकरी हाणल्यात."

बनुबाईनं चोळलं, ओतलं. पाणी तस्संच पिवळं!

"बघा!" आकाराम ओरडला. "रंग सालीचा हाय. चुना पडला की उठतोय. कावीळ हाय तिथंच हाय!"

 मग त्याच्या आईनं, राहीबाईनं, कपाळावर हात मारला. "आगं बाई, ह्यालाबी झालीया की! तिकडलं पाणी बाधलं माझ्या लेकराला."

"आये, आगं..." आकारामच्या कपाळाच्या शिरा ताणल्या. "मावशी, आता तुमी धुवा हात."

बनुबाईनं निमूट धुतले. पुन्हा पिवळं. दारातल्या बायका हळहळल्या, "बिचारी! लोकांची कावीळ अंगावर घेती, आन् बोलत न्हाई."

आता काय करावं माणसानं? परात उचलून भिंतीवर आपटावीशी वाटली त्याला. तेवढ्यात ज्ञानू भिंतीला धरून उठला. धाकट्याच्या काळजीनं म्हणाला, "आक्या, तू जा रं सांगलीला. तुला लष्करात डागदरी औषधाची सवय लागलीया. माझी तर उतरली."

आकारामनं आपल्या पिवळ्या, निथळत्या हातांकडं पाहिलं. अंगणातल्या गाडीकडं पाहिलं. आणि सगळा राग गिळून म्हणाला, "व्हय दादा, झालीया मला कावीळ. पर दवाखान्यात एकट्यानं जायचं मला लय भ्या वाटतंय. तू थोरला हाईस, चल, बस गाडीत."