वेळेवर आलेली पॅसेंजर

आमच्या गावात घड्याळं होती, पण गाडी पकडायला घड्याळ कोणी बघत नसे. तळोज्याच्या अलीकडचं गाव आमचं. घरामागे वाल-वांग्याचे दोन वाफे, त्यामागे बांध आणि बांधाच्या पलीकडे रूळ. जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाड्यांना मिळून तेवढे एकच रूळ होते. दिव्याहून पनवेलला जाणारी सकाळची पॅसेंजर सात दहाची. सात दहा हा आकडा स्टेशनातल्या फळ्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेला होता आणि तो वाचून लोक हसत.

कारण त्याच वेळेला पनवेलकडून मालगाडी यायची. समोरासमोरच्या दोन गाड्या, रूळ एक. मग कोणीतरी थांबायचं. थांबायची ती पॅसेंजर, तिकडे दिव्याच्या बाजूच्या निळजे स्टेशनात, मालगाडी पुढे निघून जाईपर्यंत. आमचे स्टेशनमास्तर देशावरचे, बोलायला सरळ. ते एकदा म्हणाले होते, "फॅक्टरीचा माल अडला तर वरून फोन येतो. माणूस अडला तर तो बिडी पेटवतो." हे ऐकून सगळे हसले. मीही हसले. आता ते आठवलं की संताप येतो. आमच्या बापजाद्यांची भातशेती फॅक्टऱ्यांना गेली आणि उरलेली सकाळ त्या फॅक्टऱ्यांच्या मालाला.

तर गावाने यातून एक पद्धत काढली होती. घरामागून मालगाडी धडधडत गेली की पायांत चपला घालायच्या. त्यानंतर पॅसेंजर यायला चांगला अर्धा तास, स्टेशन वीस मिनिटांच्या चालीवर. प्लॅटफॉर्मवर ना छप्पर, ना प्यायला पाणी. तिथे जाऊन ताटकळायचं कशाला? बायका मालगाडी गेल्यावर चुलीवरचा चहा उतरवत. ज्यांना कामावर उशीर होई ते मास्तरांकडून गाडी लेट असल्याची चिठ्ठी घेत. छापील कागद, त्यावर मास्तरांची सही आणि शिक्का. अशा चिठ्ठ्यांचे गठ्ठे आमच्याकडच्या माणसांच्या खिशात सापडत.

मी पंधरा वर्षांची होते. आई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि घर माझ्या हातात होतं. बाबा एका फॅक्टरीच्या गेटवर रात्रपाळीचे वॉचमन. ज्या शेतात त्यांनी नांगर धरला त्याच शेतावर आता ते कंपाउंड राखत. माझा भाऊ, दादा, मॅट्रिक पास होऊन घरी बसला होता. जमीन गेलेल्या घरातल्या एकाला नोकरी देण्याचा कागद सरकारने दिला होता. त्या कागदावर बाबांनी कितीतरी वर्षं काढली, आणि शेवटी दादाला बोलावणं आलं. बेलापूरच्या कचेरीत, सकाळी दहा वाजता मुलाखत. पॅसेंजरने पनवेल, तिथून एसटीने बेलापूर. एका घराला एकच नोकरी, आणि दादाचं वय त्या वर्षीच बसत होतं.

आदल्या संध्याकाळी कामावर निघताना बाबा उंबऱ्यात थांबले. दादाला म्हणाले, "उद्या मालगारीच्या भरवशावर राव नको. गारी लेट असली तरी चालंल, तू जाऊन बस तिथं." दादाने मान हलवली. मीही तिथेच होते. मी ऐकलं होतं.

सकाळी दादा साडेसहाला तयार. पनवेलच्या शिंप्याकडून शिवून आणलेला पांढरा शर्ट, तेल लावून बसवलेले केस. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला त्या शर्टाची कॉलर दिसली. एका बाजूने दुमडलेली, पाठीवर घडीची रेघ. मनात आलं, तिथे साहेबलोक असणार, म्हणतील या पोराला घरी कोणी बघणारं नाही. आईची आठवण आली आणि मी हट्टाला पेटले.

"काढ तो शर्ट. मी इस्त्री करते."

"उशीर व्हयल बाय."

"मालगारी गेली का? नाय ना? मग?"

तो जरा घुटमळला. बाहेर जाऊन रुळांकडे बघून आला. मग त्याने शर्ट काढून माझ्या हातात दिला आणि बनियनवर बसून राहिला. मी तांब्यात निखारे भरले, तांब्याचं बूड ओल्या फडक्याने पुसलं आणि गोधडीवर शर्ट पसरून सावकाश इस्त्री केली. कॉलर, बाह्या, पाठ. मला त्या कामाचा अभिमान होता, कबूल करते. शेजारची काकू डोकावून म्हणाली, मालगारी आज कुठं मेली? मी म्हटलं, येल.

शर्टाची शेवटची बाही राहिली होती तेव्हा शिट्टी ऐकू आली. मालगाडीची जाड शिट्टी आम्हाला ओळखू येई. ही ती नव्हती, आणि दुसऱ्या बाजूने येत होती. दादाने शर्ट माझ्या हातातून ओढला आणि बटणं न लावता धावला. मी त्याच्या मागे बांधापर्यंत धावले. गावातले आणखी तिघे-चौघे धावत होते, एकाच्या हातात तर चहाचा कप तसाच होता. पॅसेंजर आमच्यासमोरून स्टेशनात शिरली, थांबली आणि धावणारे अर्ध्या वाटेवर असतानाच सुटली.

दादा शेतातून आडवा हायवेला गेला. लोखंड वाहणाऱ्या ट्रकमध्ये बसला, पनवेलला उतरला, एसटी पकडली. बेलापूरला पोचला तेव्हा अकरा वाजत आले होते. नावं पुकारून झाली होती. जे हजर नव्हते त्यांच्यावर लाल रेघ. तिथल्या कारकुनाला दया आली असावी. तो म्हणाला, "तुमच्या लाइनला गाडी लेट असतेच. स्टेशनची चिठ्ठी उद्या दुपारपर्यंत आणून दे, साहेबांपुढे ठेवतो."

दादा परत आला आणि सरळ स्टेशनवर गेला. मी प्लॅटफॉर्मवरच त्याची वाट बघत होते, त्याच्याबरोबर आत गेले. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग रजिस्टर उघडून आमच्यासमोर फिरवलं.

"सात दहाची गाडी सात दहाला आली. आज मालगाडीला इंजिनच मिळालं नाही, म्हणून रस्ता मोकळा होता. आता मी लेट कसं लिहू?"

मी त्यांचे पाय धरले. "काका, रोज लिहून देता ना. आज एकच द्या."

"रोज खरं असतं म्हणून देतो, पोरी," ते म्हणाले. त्यांनी मला उठवलं, पण लिहून दिलं नाही. ते चुकले असं मला आजही म्हणता येत नाही, आणि माफही करता येत नाही.

घरी बाबा जागे होऊन बसले होते. गाडी वेळेवर गेली हे त्यांना गावाने सांगितलंच होतं. त्यांनी दादाला एवढंच विचारलं, "मी सांगितला होता ना?"

मी चुलीपाशी उभी होते. तांब्या अजून तिथेच पडला होता. दादाने माझ्याकडे पाहिलं नाही. "झोप लागली," तो म्हणाला. "उठलो उशिरा."

मी बोलायला हवं होतं. तोंडात शब्द होते. पण बाबांचा चेहरा बघून ते मी गिळले, आणि मग उद्या सांगू म्हणता म्हणता ते आतच राहिले.

पुढची यादी लागली नाही. दादाचं वय उलटून गेलं. तो कळंबोलीच्या यार्डात ठेकेदाराकडे लागला, मालगाडीच्या वाघिणीतून लोखंडाच्या सळया उतरवायला. खांद्यावर कायमचे घट्टे पडले. बाबांनी त्याला एकदाही मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त त्या दिवसापासून त्याला नावाने हाक मारणं बंद केलं. कुंभकर्ण. पाहुण्यांसमोर कुंभकर्ण, मुलीकडचे बघायला आले तेव्हाही कुंभकर्ण. "सोन्यासारखी नोकरी झोपंत घालवली," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, आणि दादा मान खाली घालून चहाचे कप आत आणत असे. मी ते कप विसळायची. माझं लग्न होऊन मी तळवलीला गेले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाज वाटली.

त्यानंतर काही वर्षांनी बाबा गेले. शेवटच्या आजारात दादाने त्यांचं सगळं केलं. पाणी पाजलं, कूस बदलली. दादाच्या हातांतच ते गेले, आणि शेवटपर्यंत त्यांना वाटत होतं की हे हात आळशी आहेत.

दहाव्याचे विधी आटोपून आम्ही दोघं खाडीवरून परत येत होतो. बाकीचे लोक पुढे गेले होते. मी धीर करून विचारलं, "दादा, तू बाबांना खरं का नाय सांगितलंस? शर्ट मी काढायला लावला ते?"

तो चालत राहिला. मग तो थांबला, माझ्याकडे वळला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"मी वाट बगत होतो, बाय," तो म्हणाला. "मना वाटला, तू सांगशील."